वाटतंय ना, मग लिही

आमच्या बाईंचा कुठं सत्कार झाला की दुसऱ्या दिवशी ती शाल डिपार्टमेंटमधल्या एखाद्या मायक्रोस्कोपवर पडलेली असायची. मायक्रोस्कोपांना कव्हरं पाहिजेत म्हणून कॉलेजकडं वर्षानुवर्षं मागणी चालली होती आणि कव्हरं काही येत नव्हती. त्यामुळं सकाळी पॅथॉलॉजीच्या त्या लांबट खोलीचं दार उघडलं की जरीकाठाच्या, मोरपंखी, गुलाबी शाली पांघरून मायक्रोस्कोप ओळीनं बसलेले दिसायचे. नवीन रेसिडेंट डॉक्टर हमखास हसायचा. बाई त्याला म्हणायच्या, "हसू नको. मला थंडी वाजत नाही. त्यांना धूळ लागते."

बाई कायम रागावलेल्या असायच्या. त्यांच्या हाताखाली मी लेक्चरर म्हणून लागले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, यांचं माझ्याशीच काहीतरी वैर आहे. नंतर कळलं की त्या सगळ्यांवर सारख्याच रागावतात, आणि बहुतेक वेळा रागाला कारण असतं.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे कोऱ्या चिठ्ठ्या. आमचं काम रोग्याला न बघता रोग ओळखायचं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा बाटलीतून आमच्याकडं येतो. त्याचे पातळ काप काचेवर घ्यायचे, मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि हा कॅन्सर आहे की नाही ते लिहून द्यायचं. त्या लिहिण्यावर पुढं माणसाचा पाय जातो किंवा राहतो. बाटलीसोबत चिठ्ठी येते. तिच्यावर रोग्याची हकीकत असायला पाहिजे. ती नसते. "मांडीला गाठ" एवढंच खरडलेलं असतं. अशी चिठ्ठी आली की बाई उठायच्या, पायात रबरी चपला सरकवायच्या आणि भर उन्हात मैदान ओलांडून थेट वॉर्डात जायच्या.

"सिस्टर, हा पेशंट कुठंय? आणि हे लिहिणारा कुठंय? आधी पेशंट दाखवा. त्या दुसऱ्याकडं नंतर बघते."

आणि खाटेच्या कडेला बसून रोग्याशी अर्धा अर्धा तास बोलायच्या. तेव्हा मात्र आवाज एकदम खाली.

त्यांचे वडील जायकवाडीच्या कालव्यावर मजुरीला होते. घरातल्या पहिल्या शिकलेल्या त्या, डॉक्टरही पहिल्याच. फोन उचलला की "जयभीम, बोला," मग पलीकडं डीन असोत नाहीतर मंत्र्याचा पीए. स्वतःविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा एका पाहुण्यानं भाषणात "अशा परिस्थितीतून वर आलेल्या" असं सुरू केलं, तेव्हा बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "परिस्थिती राहू द्या. विषयावर या."

विद्यार्थ्यांना त्या नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. ए वैजापूर, ए कन्नड, तू बोल. मी बजाजनगरची. वडील वाळूजच्या एका कंपनीत कामाला होते. तर मी बजाजनगर. मी एकदा धीर करून म्हटलं होतं, "मॅडम, ते काही गाव नाही, कंपनीवाल्यांची वसाहत आहे." त्या म्हणाल्या, "तुझा बाप तिथं राबला ना? मग गावच की ते."

कुणी रेसिडेंट मायक्रोस्कोपातून डोळा काढून म्हणाला, "मॅडम, मला वाटतं हे टीबीचं आहे," की त्यांचं उत्तर ठरलेलं. "वाटतंय ना? मग लिही." तो चाचरला की त्या म्हणायच्या, "लिहिता येत नसेल तर वाटलंच नाही तुला. उगं तोंडाची वाफ घालवू नको." पुष्कळ पोरं त्या एका वाक्याला घाबरून दुसऱ्या विषयाकडं गेली. जी राहिली ती चांगली तयार झाली, आणि तयार झाली तशी परदेशात गेली. अमेरिका, इंग्लंड, आखाती देश, आयर्लंड. दरवर्षी हिवाळ्यात त्यातली चार-दोन सुट्टीवर यायची, कॉलेजच्या दारात फोटो काढायची, बाईंच्या पाया पडायची. "मॅडम, या कॉलेजचं आमच्यावर लई ऋण आहे. काहीतरी परत द्यायचंय."

या वाक्यावर बाई किती रागवायच्या ते त्यांच्यासमोर बसलेल्यालाच माहीत.

त्याचं एक कारण आमच्याच खोलीच्या कोपऱ्यात उभं होतं. एका बॅचनं डिपार्टमेंटला मोठं यंत्र भेट दिलं होतं. तुकड्यांवर आपोआप प्रक्रिया करणारं, चकचकीत, अंगावर देणाऱ्यांच्या नावांची पितळी पाटी असलेलं. फीत कापायला डीन आले होते. पुढं त्याला लागणारी रसायनं फक्त त्याच कंपनीची चालतात असं निघालं, आणि त्या कंपनीचा माणूस इकडं यायला तयार नव्हता. आम्ही त्याच्यावर जेवणाचे डबे ठेवायचो. बाई येणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला आधी तिथं नेऊन उभं करायच्या. "हे बघ परत दिलेलं. डबा गरम पण होत नाही याच्यावर."

करोनाची लाट ओसरल्यावर या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप एकदम जागा झाला. काय द्यायचं यावर चर्चा सुरू झाली. कुणी कमान म्हणालं, कुणी सभागृह. बाईंनी आठवडाभर वाचलं आणि मग एक आवाजी मेसेज टाकला. मी शेजारी बसले होते.

"कमान नको. आधीच एक गेट आहे, त्यातून तुम्ही बाहेर गेलात. बुधवारी संध्याकाळी मी अवघड स्लाइडी स्क्रीनवर लावणार. ज्याला काही द्यायचंय त्यानं तासभर येऊन बसायचं. उशिरा यायचं नाही. संपलं."

मला वाटलं, कुणी फिरकायचं नाही. पण आले. मायक्रोस्कोपवर कॅमेरा बसवला होता. इकडं अंधार पडायला लागलेला, अमेरिकेत सकाळ, आयर्लंडमध्ये दुपार. एकेका चौकोनात एकेक चेहरा. बाई विचारायच्या, "हं गंगापूर, काय दिसतंय?" आणि तिकडं स्वतःचं मोठं डिपार्टमेंट चालवणारा पन्नाशीचा माणूस खुर्चीत सरळ व्हायचा. आमच्याकडं जे तपासायची सोय नव्हती ते त्यांना रोजचं होतं. मी त्या बुधवारांत जेवढं शिकले तेवढं एमडीच्या तीन वर्षांत शिकले नाही. हे मी अजूनही मान्य करते, रागात असले तरी.

त्यांतला सगळ्यात हुशार होता पैठण. बाईंचा लाडका विद्यार्थी, गोल्ड मेडलिस्ट, अमेरिकेत हाडांच्या कॅन्सरच्या निदानातला मोठा माणूस. त्याचे पेपर आमच्याकडचे सर्जन वाचायचे. बोलायला गोड, तयारीचा, वेळेवर येणारा. आणि एक होती फुलंब्री, आयर्लंडात. ती फारसं बोलायचीच नाही. विचारलं तर उत्तर द्यायची आणि परत गप्प.

मग सोयगाव तालुक्यातली ती मुलगी आली.

नववीतली होती. मांडीला मोठी सूज. तालुक्याहून कुणीतरी शहरात पाठवलं, बाहेरच्या एका लॅबनं तुकडा तपासून हाडाचा कॅन्सर म्हणून लिहून दिलं, आणि ती आमच्या हाडांच्या वॉर्डात दाखल झाली. पाय मांडीपासून काढायचा ठरला. फेरतपासणीसाठी स्लाइडी आमच्याकडं आल्या. मी बघितल्या. पेशी भडक, दाटीवाटीनं वाढलेल्या, मध्ये मध्ये कच्चं हाड. कुणीही कॅन्सर म्हणावं असंच चित्र. बाई मात्र बराच वेळ बघत राहिल्या. स्लाइड सरकवून कडेला नेली, परत मध्ये आणली, परत कडेला. मग चिठ्ठी पालथी करून बघितली. हकीकतीच्या जागी काही नव्हतं. त्या चपला शोधायला लागल्या. मी पण मागं निघाले.

खाटेजवळ मुलीची आई होती आणि मामा होता.

"पाय कशानं सुजला गं?" बाईंनी विचारलं.

"असाच," मुलगी म्हणाली.

"पडली होतीस का? मार लागला होता?"

"नाय."

"डॉक्टरनं विचारलं होतं का हे?"

"व्हय. नाय म्हणून सांगितलं," मामाच बोलला. "कॅन्सर हाय म्हणालेत ना, मग मार कशाला लागतोय."

बाईंनी मुलीकडं बघितलं, मग मामाकडं. त्याला म्हणाल्या, "पाहुणे, खालून मला एक चहा आणता का? साखर कमी." तो गेला. मग त्या खाटेवर तिच्याजवळ सरकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता सांग. मी कुणाला सांगणार नाही, तुझ्या आईशिवाय. आणि ती तर इथंच आहे."

मुलीनं आईकडं बघितलं आणि रडायला लागली. ती शाळेत चोरून कबड्डी खेळायची. मामानं बंद करायला लावलं होतं. पकडीत एका पोरीचा गुडघा तिच्या मांडीत जोरानं बसला होता, सूज यायच्या थोडे दिवस आधी. मामाच्या समोर प्रत्येक डॉक्टरनं तिला विचारलं आणि प्रत्येकाला तिनं नाही सांगितलं.

आईचा चेहरा पडला. पण ती एवढंच म्हणाली, "खेळली तर खेळली. बाई, पाय राहतोय का तेवढं सांगा."

परत येताना मैदानात बाई थांबल्या. "मामाला बाहेर काढायचं सुचलं नाही एकालाही," म्हणाल्या. "एकालाही."

त्यांचं निदान झालं होतं. जबर मार लागला की कधीकधी स्नायूतच हाड धरायला लागतं. सुरुवातीच्या दिवसांत मधला भाग तपासला तर तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, पण कडेला हाड शांतपणे पिकत चाललेलं असतं. त्याला काही करायचं नसतं. थांबायचं, आणि काही आठवड्यांनी एक्स-रे काढायचा. त्यात गाठीभोवती हाडाचं कवच दिसतं.

पण वॉर्डाचे मोठे सर्जन, आमचे हाडांचे सर, थांबायला तयार नव्हते, आणि त्यांच्यावर मला तेव्हाही रागावता आलं नाही. ते म्हणाले, "बाई, मागं एकदा मी असाच थांबलो होतो. पोराच्या फुप्फुसात गेलं. त्याचा बाप अजून मला गुलमंडीच्या चौकात दिसतो. बाहेरचा रिपोर्ट कॅन्सर म्हणतोय, तुम्ही नाही म्हणताय. मला तिसरं माणूस द्या, हाडातलं जाणणारं. त्यानं लिहून दिलं तर मी थांबतो."

"देते," बाई म्हणाल्या. "माझा पैठण आहे."

दुसऱ्याच दिवशी बुधवार होता. बाईंनी पहिलीच स्लाइड ती लावली. पैठणनं सगळी हकीकत ऐकली, स्लाइड इकडून तिकडं फिरवायला लावली, आणि स्वच्छ सांगितलं, "मॅडम, हा कॅन्सर नाही. मधला तुकडा घेतलाय म्हणून भडक दिसतंय. कडेला हाड पिकतंय, बघा. तीन आठवडे थांबा, कवच दिसेल."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"मग लिही. दोन ओळी, तुझं नाव आणि सही. आज पाठव."

पैठण हसला. "मॅडम, लिहून नाही देता येणार मला."

"का?"

"इथले नियम फार कडक आहेत. आमचे वकील परवानगी देणार नाहीत. उद्या काही झालं तर माझं लायसन्स... तुम्ही समजू शकता. हे आपलं शिकण्यापुरतं आहे ना, बुधवारचं."

"शिकण्यापुरतं," बाई म्हणाल्या. "तिचा पाय काढायला निघालेत, पैठण. तुझ्या सहीसाठी थांबलेत."

"मॅडम, तुमचं निदान बरोबरच आहे. तुम्ही लिहा. तुम्हाला माझी गरजच नाही."

हे तो कौतुकानं म्हणाला. ते कौतुक माझ्या अजून डोक्यात आहे. इतका वेळ ज्याला त्या हाडाचा कण न् कण दिसत होता त्याला पुढचं काहीच दिसेना झालं होतं.

बाईंनी विचारलं, "बाकी कोण देतंय?" स्क्रीनवरचे चौकोन एकेक करून काळे व्हायला लागले. कुणाचं नेटवर्क गेलं, कुणाला ड्युटीवर बोलावणं आलं. फुलंब्री तेवढी राहिली होती. ती म्हणाली, "मॅडम, मी हाडांचं काम करत नाही. माझ्या सहीला ते विचारणार नाहीत." बाई म्हणाल्या, "खरंय. पण तू बसून राहिलीस." आणि कॅमेरा बंद केला.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं रिपोर्ट लिहिला. हा कॅन्सर नाही, पाय काढू नये, आणि थांबल्यामुळं काही बरंवाईट झालं तर ती जबाबदारी माझी एकटीची. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. मी म्हटलं, "मॅडम, शेवटची ओळ नका लिहू. रिपोर्टात असं कुणी लिहीत नाही."

"म्हणून तर लिहायलेय," त्या म्हणाल्या.

हाडांच्या सरांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले, "तीन आठवडे. त्याच्यापुढं मी कुणाचं ऐकणार नाही."

ते तीन आठवडे वाईट गेले. मामा डिपार्टमेंटच्या दारात येऊन बोलून गेला, "मोठे डॉक्टर कापा म्हणतेत, तुम्ही काच बघून नाय म्हणताव. पोरगी मेली तर कुठं जाणार तुम्ही?" बाई त्याच्यावर अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "इथंच असेन. या खुर्चीत." रोज सकाळी त्या वॉर्डात जाऊन मांडीवर हात ठेवून यायच्या. आमच्यावर तर त्या दिवसांत इतक्या कावायच्या की अटेंडंट बाटल्या दाराशी ठेवून पळायचा.

शेवटी एक्स-रे झाला. फिल्म घेऊन हाडांचे सर स्वतः आमच्याकडं आले. पॅथॉलॉजीत ते आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. खिडकीच्या उजेडात त्यांनी फिल्म धरली. गाठीभोवती पांढरी, अंड्याच्या टरफलासारखी रेघ पूर्ण फिरली होती. ते म्हणाले, "बाई, चहा मागवा."

"आधी तिच्या आईला सांगून या," बाई म्हणाल्या. ते गेले, तेव्हा त्या खुर्चीत मागं रेलल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

त्या डिसेंबरात माजी विद्यार्थ्यांचं संमेलन झालं. बीड बायपासकडच्या एका लॉनवर मांडव, दिवे, सूट घातलेले लोक, त्यांची इथं पहिल्यांदाच आलेली मुलं. बाई पुढच्या रांगेत. पैठणचं भाषण होतं, विषय आपल्या मातृसंस्थेशी असलेलं नातं. मागं मोठा पडदा. पडद्यावर आमची स्लाइड आली. मी ओळखली.

"हजारो मैलांवरून," पैठण बोलत होता, "आम्ही एका मुलीचा पाय वाचवला. बुधवारच्या आमच्या उपक्रमातून. परत देणं म्हणजे काय, तर हे." टाळ्या सुरू झाल्या. मग तो म्हणाला, "आणि आज ती आपल्यात आहे."

आयोजकांनी तिला गावाहून आणलं होतं, आईसकट. नवीन ड्रेस घालून ती स्टेजच्या पायऱ्या चढली. आई खालीच पदर तोंडाला लावून उभी. तिला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. पैठण वाकून माइकमध्ये म्हणाला, "बेटा, सगळ्यांना चालून दाखव."

ती चालली. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली बघत. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. फोन वर झाले.

मी बाईंकडं बघितलं तर खुर्ची रिकामी. त्या पायऱ्या चढत होत्या. लोकांना वाटलं, आशीर्वाद द्यायला चालल्या. टाळ्या वाढल्या. बाईंनी आधी मुलीचा हात धरला आणि तिला म्हणाल्या, "बस झालं. आईकडं जा." ती उतरेपर्यंत थांबल्या. मग पैठणकडं वळल्या. आवाज चढवला नाही, पण माइक जवळच होता.

"ते आता लिहून दे."

"काय, मॅडम?"

"दोन ओळी. ही मुलगी वाचली, पाय वाचला, आता तुला कसलीच भीती नाही. आता दे लिहून. सगळे बसलेत, पेन देतील."

पैठण हसायचा प्रयत्न करत होता. "मॅडम, आपण नंतर बोलू."

"नंतरच बोलतोय आपण," बाई म्हणाल्या. "तेव्हा बोलायला पाहिजे होतं." आणि खाली उतरल्या. मग निवेदकानं जेवण तयार असल्याचं सांगितलं, आणि लोक इतके सुटल्यासारखे उठले की मला तिथं एक क्षण थांबवेना.

पुढच्या बुधवारी मी कॅमेरा लावला तर बाईंनी तो काढून कपाटात ठेवला. "बंद," म्हणाल्या. "माझ्या रोग्यांची सर्कस नाही करायची मला."

त्यांच्याशी मी एकदाच भांडले, ते यावरून. म्हटलं, "तुमचा राग बरोबर आहे. पण परवाची ती लिंफ नोडची केस गंगापूरनं बघितली असती तर त्या बाईला मुंबईला हेलपाटा पडला नसता. त्यांची सही नको, पण डोळे तरी वापरू की."

"आणि पुढची पोरगी आली की? परत चौकोन काळे होणार. तेव्हा काय करशील?"

"ते तेव्हा बघू."

"तुला अजून रागवायला शिकायचंय, बजाजनगर," त्या म्हणाल्या. आणि फेब्रुवारीत निवृत्त झाल्या. निरोपाची शाल तेवढी बरोबर घेऊन गेल्या.

राग मला येत होता. त्यांच्यावरही येत होता. एवढं उभं केलेलं एका फटक्यात मोडायचा अधिकार त्यांना कुणी दिला, असं मी घरी बोलून दाखवायचे. अवघड स्लाइडी साठत चालल्या होत्या आणि त्यांचे रिपोर्ट आता माझ्या सहीनं जायचे.

मग एका दुपारी आयर्लंडहून फोन आला. फुलंब्री. तिनं फक्त विचारलं, "मॅडमनी बंद केलं म्हणे. मला परत चालू करायचंय, सही करून. चालेल का?"

मी म्हटलं, "तुमचे वकील?"

"मी तिकडचं म्हणजे महाराष्ट्रातलं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन कधी सोडलंच नव्हतं. मागच्या महिन्यात नूतनीकरण पण झालं. कॉलेजनं मला मानद म्हणून पत्र दिलं की मी तिथली डॉक्टर म्हणून लिहू शकते. इथल्या हॉस्पिटलशी त्याचा संबंधच येत नाही. मी विचारून घेतलंय सगळ्यांना."

मी फोन ठेवला. एवढंच होतं. पैठणलाही एवढंच करायचं होतं. शंभर टक्के खात्री असलेल्या माणसाला आपलं गावाकडचं रजिस्ट्रेशन जिवंत ठेवायची बुद्धी झाली नव्हती, आणि वकिलांनी नाही म्हटल्यावर दुसरी वाट शोधायचीही नाही.

बुधवार परत सुरू झाला. अट एकच, जो बोलेल तो लिहील. पूर्वीसारखी गर्दी राहिली नाही. फुलंब्री, गंगापूर, आखातातला एक, बस. काम मात्र चाललं. बाईंना मी काही सांगितलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पैठणचा मेसेज आला. त्यानंही रजिस्ट्रेशन परत काढलं होतं, वकिलांकडून लेखी आणलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "मला यायची परवानगी आहे का?" मी चार दिवस उत्तर दिलं नाही. स्टेजवरून खाली बघत चाललेली ती मुलगी डोळ्यांसमोरून जात नव्हती. पण तेवढ्यात हाडाची एक नवी केस आली, आणि तिच्यात त्याच्याइतकं जाणणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. मी त्याला बोलावलं. त्यानं बघितलं, बोलला, आणि रात्रीतून सहीसकट रिपोर्ट पाठवला.

तो मी रोग्याचं नाव झाकून छापला आणि बाईंच्या घरी घेऊन गेले. पडेगावच्या बाजूला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मनात होतं, सगळं ऐकल्यावर आधी मला झापतील, मग कागद बघून थोड्या निवळतील. सगळं सांगितलं. त्यांनी कागदासाठी हात पुढं केला. चष्मा लावून रिपोर्ट वाचला. परत वाचला. बोट एका ओळीवर ठेवलं.

"स्लाइडीचे फोटो आहेत?"

मी फोन पुढं केला. त्यांनी फोटो मोठा करून डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. मग स्वतःचा फोन घेतला आणि नंबर लावला. तिकडं जेमतेम पहाट असणार.

"जयभीम. पैठण, दुसरी ओळ वाच. तुझ्या रिपोर्टची. मोठ्यानं वाच."

तिकडून झोपेतला आवाज आला. कागद शोधत असावा.

"'सुचवतं' म्हणजे काय? सुचवतं की आहे? तुला कडेचा भाग दिसला नाही का? दिसला ना? मग 'आहे' लिही. घाबरून लिहिलेलं सर्जनला कळतं, तो तुझ्या घाबरण्यावर ऑपरेशन ठरवतो. नाही, उद्या नाही. आत्ता. मी फोनवर आहे."

मांडवाविषयी एक शब्द नाही. त्यांच्या आवाजात तोच जुना राग होता, रेसिडेंटवर काढायचा तो. मला तिथं बसवेना. एवढ्यावर मिटवायला मी काही पैठणला शिकवलेली बाई नव्हते. माझं काहीच मिटलं नव्हतं, अजूनही मिटलेलं नाही. बुधवारी तो स्क्रीनवर आला की मी कामापुरतं बोलते.

मी उठले, दार ओढून घेतलं. जिन्यात उतरेपर्यंत वरून ऐकू येत होतं.

"खोडू नको. सगळं नव्यानं लिही. हं, सांग, पहिली ओळ काय लिहिलीस?"